कुंडलिकेवर चार दिवस: मधल्या तयारीच्या कयाकवाल्याला ही नदी झेपते का?

गुरुवार: घाट आणि राजाराम बंधारा

रायगडात कोलाडजवळ वाहणाऱ्या कुंडलिकेवर कयाक घेऊन जायचं की नाही, यावर मी आणि माझा धाकटा भाऊ दिवाळीपासून बोलत होतो. दोघांनीही दोन वर्षांपूर्वी ऋषिकेशला गंगेवर कयाक शिकायला सुरुवात केली, मागच्या वर्षी पुन्हा आठवडाभर जाऊन आलो. घरी असलो की रविवारी सकाळी पंचगंगेत, शिवाजी पुलाच्या वरच्या अंगाला सराव. उलटलेली कयाक आतूनच पुन्हा सरळ करायची, म्हणजे रोल मारायचा, हे मला संथ पाण्यात दहापैकी आठ वेळा जमतं, भावाला पाच-सहा वेळा. नवशिके म्हणावं असे आम्ही राहिलो नाही आणि तयारही झालो नाही. अशा मधल्या माणसाला कुंडलिका झेपेल का, हे नीट कुणी सांगत नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, "सोपी आहे हो, राफ्टमधून कॉलेजची पोरं जातात की." पण राफ्ट रुंद, हवा भरलेली, मागं गाइड बसलेला. कयाकमध्ये तुम्ही एकटे, कमरेपर्यंत बोटीत बंद. उलटलात की डोकं पाण्याखाली.

म्हणून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस काढले. आधी नदी बघायची आणि मगच कयाक पाण्यात टाकायची, एवढं ठरवून.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सरावाला घाटावर गेलो. तिथं रोज पोहायला येणारे एक काका आहेत. सातवीत असताना पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्यांनीच मला पोहायला शिकवलं. त्यांना बेत सांगितला तर म्हणाले, "पोरी, सोपं-अवघड मागनं बघू. पाणी फुडं जातंय का माघारी फिरतंय, त्ये बघ आधी." आणि गाडीत बसून आमच्याबरोबर कसबा बावड्याला राजाराम बंधाऱ्यावर आले.

कोल्हापूरकरांना हा बंधारा माहीत असतो तो पावसाळ्यात. पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 फुटांवर धोका. जुलै-ऑगस्टमध्ये घराघरात हेच आकडे ऐकू येतात. जानेवारीत बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात. वर पाणी तुंबलेलं, हिरवट, काठाला केंदाळ, आणि बरग्यांवरून या काठापासून त्या काठापर्यंत सरळ पडणारी पातळ धार. तिच्या पायथ्याशी एक नारळ होता, कुणीतरी पूजेचा सोडलेला. तो पुढं जायला निघायचा, हातभर जायचा आणि पुन्हा भिंतीकडं ओढला जायचा. पडत्या पाण्याखाली दबायचा, शेंडी वर करून बाहेर यायचा, पुन्हा तेच. आम्ही तिथं वीसेक मिनिटं उभे होतो. नारळ जागचा हलला नाही.

वरून पडणारं पाणी तळाशी जातं आणि तिथूनच पुढं निघतं. पृष्ठभागावर जी जागा मोकळी होते ती भरायला पुढचं पाणी मागं येतं. अडकलेला माणूस याच फेऱ्यात फिरत राहतो. नदीतल्या खडकामागंही असा फेरा तयार होतो, पण खडकाच्या दोन्ही बाजू मोकळ्या असतात, तिथून निसटता येतं. बंधारा काठापासून काठापर्यंत एकसारखा, त्याला मोकळी बाजूच नाही. बांधीव बंधारा दिसायला कितीही बुटका असला तरी त्याच्यावरून कयाक घालू नका, हे मी कळकळीनं सांगते. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे महाराष्ट्रात सगळीकडं आहेत, आणि बरगे काढलेले असले तर खांबांच्या मधल्या फटीत बोट आडवी अडकते, तेही तितकंच वाईट.

काकांना घरी सोडलं, मिसळ खाल्ली, सामान भरलं. हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि स्प्रे स्कर्ट, म्हणजे कमरेला घालून बोटीचं तोंड झाकायचं कापड, स्वतःचे घेतले. कयाक तिथं भाड्यानं मिळणार होती, पण स्कर्ट मात्र मापाचाच हवा. सैल असला तर बोटीत पाणी शिरतं आणि फार घट्ट असला तर ऐन वेळी निघत नाही.

शुक्रवार: मुळशीमार्गे कोलाड

पहाटे पाचला निघालो. पुण्यापर्यंत हायवे, तिथून पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे आणि सुतारवाडीवरून कोलाड. महाडकडून आलात तरी चालतं, पण आम्ही हा रस्ता मुद्दाम घेतला, कारण कुंडलिकेवर ज्या पाण्यात बोटी चालतात ते मुळशीच्या धरणातून येतं.

धरणाच्या काठाला गाडी थांबवली तेव्हा पाण्यावर अजून धुकं होतं. मुळा नदीचं हे पाणी खरं तर पूर्वेला जाणारं. मुळेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत. आमची पंचगंगाही नरसोबाच्या वाडीला कृष्णेलाच मिळते. म्हणजे अडवलं नसतं तर हे पाणी आणि घाटावर आम्ही वल्हवतो ते पाणी पुढं रायचूरकडं कुठंतरी एकत्र आलं असतं. त्याऐवजी ते डोंगरातून पश्चिमेला वळवतात, सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात आणि तिथून ते कुंडलिकेच्या वाटेनं अरबी समुद्राला जातं. भिऱ्याचं वीजघर 1927 सालचं. या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी आणि गावं गेली, त्याविरुद्ध 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला, आणि तो चालवणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना लोक सेनापती म्हणू लागले. आमच्याकडं राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी शेतीच्या पाण्यासाठी बांधायला घेतलं, ते ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. मुळशीच्या काठावर उभं राहून हे दुसरं धरण बघताना छातीत कालवलं. उद्या ज्या लाटांवर आपण खेळणार त्या कुणाच्या तरी बुडालेल्या खाचरांवरून येतात, हे माहीत असलेलं बरं.

दुपारी मुक्कामी पोचलो. नदीकाठच्या एका गावात घरगुती सोय होती. जेवून लगेच नदीवर गेलो, तेव्हा नदी जवळजवळ नव्हतीच. विजेच्या गरजेप्रमाणं पाणी सोडतात, सहसा सकाळी, आणि काही तासांनी ओसरतं. मग पात्रात उरतात डबकी, वाहते चर आणि काळे कातळ.

मधल्या तयारीच्या माणसाला या नदीचा हाच मोठा फायदा आहे. गंगेवर तळ कधी दिसत नाही. इथं उद्या ज्या दगडावरून जायचं तो आज हातानं चाचपून बघता येतो. मात्र पात्रात उतरताना गावातलं माणूस बरोबर घ्या आणि पाणी कधी सुटणार हे आधी विचारा. पाण्याची वेळ रोज तीच असेल असं धरून चालू नका.

आमच्याबरोबर यजमान मावशींचा मुलगा होता, राफ्टच्या पुढं सेफ्टी कयाक चालवणारा. त्यानं वरच्या टप्प्यातला एक दगड दाखवला. हत्तीच्या पाठीएवढा, वरून गुळगुळीत, पण डाव्या अंगानं खालून पोखरलेला. पोकळीत वाकून बघितलं. आत काटक्यांचा गठ्ठा आणि एका जुन्या साडीचा फाटका काठ, पिळून दोरीसारखा झालेला. मी ओढून पाहिला, निघाला नाही. "पाणी इथून आत जातं ताई," तो म्हणाला, "म्हणून आम्ही उजवीकडूनच जातो." मी तो काठ पुन्हा एकदा ओढला. पाण्यानं तो दगडाच्या फटीत इतका घट्ट ठासला होता की बोटांना वळ उठले.

रात्री मावशींनी पोपटी लावली. रायगडात थंडीत हे करतात, कोल्हापूरकरांनी एकदा तरी खाऊन बघावं. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे मसाला लावलेलं चिकन आणि अंडी, वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती काटक्या-पेंढा रचून जाळ करायचा. पाण्याचा एक थेंब नाही, तेलाचाही नाही. अर्ध्या तासानं मडकं काठीनं बाजूला घेऊन पाटीत ओतलं तेव्हा पाल्याच्या उग्र वासानं अंगण भरून गेलं. शेंगा सोलून दाणे खायचे, हाताला काळं लागतं, बोलणं आपोआप सुरू होतं. तांबडा-पांढरा वाढला की आमच्याकडं पंगत गप्प होते. इथं सगळे बोलत होते. मावशी मला म्हणाल्या, "आमचा पोरगा पाण्यात गेला की मी दुपारी बारापर्यंत रस्त्याकडं बघत नाही." माझी आईही घाटावर येत नाही, हे मी त्यांना सांगितलं.

शनिवार: आधी राफ्ट, मग काठ

पहिल्या दिवशी कयाकमध्ये बसायचं नाही, हे घरूनच ठरवलं होतं. सकाळी राफ्टमध्ये गेलो. हेल्मेट-जॅकेट घालून काठावर बसलो तेव्हा पाणी चढताना दिसलं. आदल्या दिवशी चालत ओलांडलेला चर पंधरा मिनिटांत छातीएवढा झाला. काठावर एका पांढरट दगडाला मी खूण धरून ठेवली होती. तो बुडाला, की त्याच्या वरचा कोपरा दिसतोय, हे त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही बघत राहिले. इथं आपल्या बंधाऱ्यासारखी फुटांची पट्टी नाही, त्यामुळं स्वतःची खूण स्वतःच धरावी.

राफ्टिंगचा पल्ला 12 किलोमीटरच्या आसपास, सगळीकडं लिहिलेली श्रेणी दोन ते तीन. रॅपिडची, म्हणजे खडकांमधून उसळत जाणाऱ्या वेगवान पाण्याची, श्रेणी एक ते सहा असते. तीनची म्हणजे लाटा वेड्यावाकड्या, वाटा अरुंद आणि मधेच बोट वळवावी लागणार. गंगेवर मी तीनच्या रॅपिडमधून गेले आहे. पण तिथं पाणी अफाट, खोल, लाटा मोठ्या आणि गोल. उलटलं तरी खाली भरपूर जागा, पुढं लांब शांत डोह. कुंडलिका अरुंद आणि उथळ आहे. आकडा तोच, पण इथं डोक्याखाली दगड असतो.

वल्हं मारण्यापेक्षा मी जास्त लक्ष एकाच गोष्टीकडं दिलं: थांबायला जागा किती? कयाकवाले ज्याला एडी म्हणतात, म्हणजे खडकाआड उलटं फिरणारं शांत पाणी, तिथं बोट घातली की श्वास घेता येतो, पुढचं बघता येतं. वरच्या भागात एक रॅपिड संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होतो. राफ्टवाल्यांनी नावंही तशीच दिलीत, मॉर्निंग हेडेक वगैरे. तिथं मला नीट वापरता येतील अशा एडी चारच मोजता आल्या, आणि त्यातल्या दोन राफ्टच्या वाटेवर. शनिवार-रविवारी मागून राफ्टमागं राफ्ट येतात, हेही धरा. खालच्या अर्ध्यात नदी सैल होते, रॅपिडच्या मधे लांब डोह येतात, तिथं लोक राफ्टमधून उड्या मारून पोहतात.

हत्तीचा दगड आला तेव्हा ओळखूच आला नाही. पाण्याला फक्त एक गुळगुळीत फुगवटा, त्यामागं पांढरा फेस. सगळ्यात वाईट जागा वरून सगळ्यात शांत दिसत होती.

राफ्टिंग आटोपून रस्त्यानं मागं आलो, पाणी अजून चालू होतं. कोलाड नाक्यावरून तीन नारळ घेतले. काकांचीच युक्ती. दगडाच्या वरच्या बाजूनं एकेक सोडला. पहिला उजवीकडून उसळत गेला. दुसरा फुगवट्यावर चढला, मागच्या फेसात दोन गिरक्या खाल्ल्या आणि बाजूनं सुटला. तिसरा भावानं जरा डावीकडं टाकला. तो दगडाशी गेला आणि दिसेनासा झाला. आम्ही खालच्या वळणाकडं डोळे लावून बसलो. अर्धा तास गेला, नारळ आला नाही.

भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आक्का, वरचा टप्पा मी करत न्हाई." मीही नाही म्हणाले. उजवीकडून जाणं मला जमेल, दहापैकी नऊ वेळा जमेल. पण दहाव्या वेळी मी उलटी झाले तर कुठं जाईन, हे मी नुकतंच पाहिलं होतं.

ज्यांना नारळ टाकायचा नसेल त्यांनी वाळकी काटकी टाकावी, पण ती वाऱ्यानं भरकटते. नारळ माणसाच्या डोक्यासारखा अर्धा बुडून तरंगतो.

रविवार: खालचा टप्पा

सेफ्टी कयाकवाल्या दादाला भेटून आदल्या रात्रीच ठरवलं: वरचा भाग सोडून खाली उतरायचं, दादा पुढं, मी मागं, भाऊ थ्रो बॅग, म्हणजे फेकायच्या दोराची पिशवी, घेऊन ज्या दोन रॅपिडना काठानं पोचता येतं तिथं उभा राहील. त्यालाही बसायचं होतं, पण त्याचा रोल वाहत्या पाण्यात अजून बसलेला नाही, आणि त्यानं ते स्वतः कबूल केलं. हे मला फार मोलाचं वाटलं.

पाणी त्या दिवशी उशिरा सुटलं. दोन तास थंडीत बसून राहिलो, अंगं आखडली. अशा वेळी उठून हातपाय हलवा, खांदे मोकळे करा. थंड खांद्यानं जोराचं वल्हं मारताना खांदा निखळतो.

पहिला रॅपिड सरळ गेला. दुसऱ्यात डावीकडच्या एडीत बोट अलगद घालता आली. तिसऱ्यात मी दादाच्या मागं फार जवळ गेले. तो वळला, मला वळायला जागा उरली नाही, बोट आडवी झाली. आडव्या बोटीची वरच्या बाजूची कड पाण्यात रुतली की पाणी तिच्यावर चढतं आणि बोट पाणी येतं त्या बाजूलाच पालथी होते. माझी उजवीकडं झाली.

खाली हिरवा उजेड आणि हेल्मेटवर दगड घासल्याचा आवाज. कर्रर्र, थांबून पुन्हा कर्रर्र. अंग पुढं दुमडून बोटीला चिकटवून धरलं होतं म्हणून तोंड वाचलं. पहिला रोल मारला, अर्धी वर आले, पुन्हा खाली. दुसराही तसाच. माझा रोल उजव्याच बाजूनं बसतो. त्या वेळी पाणी अंगाला बोटीखालून डावीकडं ढकलत होतं, तिकडून उठले असते तर त्याची साथ मिळाली असती. तिसऱ्यासाठी श्वास नव्हता. स्कर्टची पट्टी ओढली आणि बाहेर आले.

पाय वर, नजर खाली वाहत्या दिशेला, पाठीवर. उथळ वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, हे मला माहीत होतं. तरी गुडघा दगडावर आपटल्यावर पहिली इच्छा उभं राहायचीच झाली. पाय फटीत गेला तर पाणी वरून दाबतं आणि माणूस पुढं वाकून बुडतो, कमरेएवढ्या पाण्यातही. "पाय वर! आक्का, पाय वर!" काठावरून भाऊ ओरडत होता, आणि दोरीची पिशवी खांद्याजवळ येऊन पडली. दोर छातीशी धरला, हाताला गुंडाळला नाही. काठाला लागले तेव्हा दादानं बोट आणि वल्हं पकडलेलं होतं.

दहा मिनिटं बसले. गुडघा सुजला होता, पण वाकत होता. दादानं विचारलं, "पुढं तीन आहेत, मग डोह. गाडीनं जाता का?" मी पाण्याकडं बघितलं. ते पुढं जात होतं, खाली रुंद डोह, काठावर दगड कमी. बसते म्हणाले. पुढचे तिन्ही रॅपिड नीट गेले, दादापासून चांगलं अंतर राखून. शेवटच्या डोहात वल्हं आडवं ठेवून बोट तशीच वाहू दिली. वर करंजाच्या फांदीवर खंड्या बसला होता, बोट खालून गेली तरी तो हलला नाही.

आता ज्यांना आमच्यासारखाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी. तुमचा रोल वाहत्या पाण्यात दोन्ही बाजूंनी बसत असेल, ठरवाल त्या एडीत बोट घालता येत असेल आणि स्वतः एकदा तरी रॅपिडमध्ये पोहून बाहेर आला असाल, तर हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या नेहमीच्या पाण्याला पूर्ण कुंडलिका, सेफ्टी कयाकवाला बरोबर घेऊन. रोल एकाच बाजूनं बसत असेल तर खालचा टप्पा, काठावर दोर घेऊन माणूस ठेवून. रोल अजून डगमगत असेल तर राफ्ट, आणि दुपारी मोकळ्या पात्रात दगड बघत फिरणं. पावसाळ्यात सोडलेल्या पाण्यात डोंगराचं पाणी मिसळतं, तेव्हा मधल्या तयारीच्या कुणीही कयाक घेऊन जाऊ नये. बंद बोटांचे बूट घाला. शक्य असेल तर सोमवार-मंगळवारी जा, राफ्टची गर्दी कमी असते.

त्याच दुपारी निघालो. रात्री अकराला कोल्हापूर.

पुढच्या रविवारी घाटावर काकांनी विचारलं, "गेलीस का न्हाई?" म्हटलं, "अर्धी गेले काका." तिसऱ्या नारळाचंही सांगितलं. त्यांनी टॉवेलनं डोकं पुसलं आणि म्हणाले, "मग डावीकडनं उठायला शीक." त्या सकाळी वीस वेळा डावीकडून प्रयत्न केला, चार वेळा वर आले. पाणी गार होतं, केंदाळाचा एक पुंजका सारखा वल्ह्याला लागत होता, आणि भाऊ पायरीवर बसून मोजत होता.